एका वाघामागे किती गवत?

अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर तीन शब्द लिहितो: गवत, हरीण, वाघ. त्यांच्यामध्ये दोन बाण काढतो. मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. पण ‘कोण कोणाला खातं’ एवढंच त्या बाणांतून कळतं. ‘किती’ ते कळत नाही. एका हरणाला किती गवत लागतं? एका वाघाला किती हरणं लागतात? आणि हे सगळं उगवायला, चरायला, धावायला किती जमीन लागते?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शिक्षकांच्या तर हा प्रश्न अगदी दाराशी आहे. या दोन जिल्ह्यांच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. ही दोन्ही जंगलं मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं क्षेत्र सुमारे ११६६ चौरस किलोमीटर असून तो सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरला आहे. एवढं मोठं जंगल असूनही प्रकल्प जाहीर झाल्यानंतरची बरीच वर्षं तिथे वाघाच्या खुणा तुरळकच मिळत राहिल्या. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाच्या जंगलातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. ती आणि तिच्यामागून येणारे वाघ इथे टिकतील की नाही, याचं उत्तर नुसत्या चौरस किलोमीटरांत मिळणार नाही. ते मिळेल वाघाच्या खाण्यात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

वजन सारखं, ताट वेगळं

एक चितळ घ्या आणि एक बिबट्या घ्या. दोघांचंही वजन ५० किलो आहे असं धरू. चितळाची मोठी मादी आणि बिबट्याचा नर, दोन्ही या वजनाच्या आसपास असतात. दोघंही सस्तन आणि उष्ण रक्ताचे. नुसतं पडून राहायलाही या दोघांना दिवसाला किती ऊर्जा लागेल?

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत काम केलेल्या मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली यासाठी एक सोपा नियम मांडला. सस्तन प्राण्याचं किलोतलं वजन घ्या. त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा. मग त्याचा घन करा आणि ७० ने गुणा. उत्तर येतं ते दिवसाच्या किलोकॅलरींमध्ये. ५० किलोसाठी हे करून पाहू. पहिलं वर्गमूळ ७.०७, दुसरं २.६६, त्याचा घन १८.८ आणि ७० ने गुणल्यावर सुमारे १,३००. चितळ असो वा बिबट्या, विश्रांतीतली गरज साधारण तेवढीच. चालणं, धावणं, पिल्लं वाढवणं धरलं तर ती दुप्पट-अडीचपट होते.

म्हणजे इंजिन एकाच ताकदीचं आहे. तरीही या दोघांना लागणाऱ्या जमिनीत जवळजवळ शंभरपटीहून जास्त फरक पडतो. हा फरक अंगातला नाही, ताटातला आहे. तो कुठून येतो ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: ऊन ते गवत

आपल्या भागात वर्षाची सरासरी काढली तर एक चौरस मीटर जमिनीवर दिवसाला साधारण ५ युनिट ऊन पडतं. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच युनिट. किलोकॅलरींमध्ये हे ४,३०० होतं आणि वर्षाचं मिळून १५ लाखांच्या वर जातं. आता समजा, त्याच एक चौरस मीटरवर पावसाळ्यानंतर ३०० ग्रॅम वाळलेलं गवत निघालं. माळरानासाठी हा आकडा वाजवी आहे. वाळलेल्या गवताच्या एका किलोत साधारण ४,००० किलोकॅलरी असतात, म्हणजे हातात आल्या १,२००. पडलेल्या उन्हाच्या दर तेराशे भागांतला जेमतेम एक भाग गवतात साठला.

बाकीचं ऊन कुठे गेलं? बरंचसं परत फेकलं गेलं, बरंचसं माती तापवण्यात आणि पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडलं. शिवाय वर्षातले सात-आठ महिने गवताला पाणीच नव्हतं. ऊन भरपूर होतं, पण ते धरणारं हिरवं पान नव्हतं.

दुसरी पायरी: गवत ते हरीण

गवत खाणं वाटतं तितकं सोपं नाही. गवताचा मोठा भाग सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज पचवण्याची विकरं कुठल्याच सस्तन प्राण्याच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाहीत. गाय, शेळी, चितळ, सांबर, गवा हे रवंथ करणारे प्राणी ते काम सूक्ष्मजीवांकडून करून घेतात. त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जिवाणूंची प्रचंड वस्ती असते. हे जिवाणू गवत आंबवतात आणि त्यातून तयार झालेली आम्लं जनावर शोषून घेतं. या सोयीची किंमतही मोजावी लागते. गवतातली जवळपास निम्मी ऊर्जा शेणावाटे बाहेर पडते. काही मिथेन वायूच्या रूपाने ढेकरांबरोबर जाते.

५० किलोचं चितळ दिवसाला सुमारे दीड किलो कोरडा चारा खातं. त्यात ६,००० किलोकॅलरी असतात, पण अंगी लागतात त्यातल्या जेमतेम अडीच हजार. त्याही चालण्यात, पळण्यात, शरीर उबदार ठेवण्यात संपतात. मांस म्हणून साठतं ते फारच थोडं.

इथे पाठ्यपुस्तकातल्या ‘दहा टक्क्यांच्या नियमा’विषयी थोडं बोलायला हवं. अन्नसाखळीतल्या ऊर्जेचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने. मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याचा त्याने काही वर्षं अभ्यास केला. त्याचा निबंध १९४२ साली छापून आला, पण तो पाहायला लिंडमन नव्हता. सत्ताविशी गाठण्याआधीच आजाराने त्याचा मृत्यू झाला होता. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्के ऊर्जा जाते, हा आपल्या पुस्तकातला आकडा या परंपरेतला आहे. पण ती एक ढोबळ सरासरी आहे. पाण्यातल्या आणि थंड रक्ताच्या जीवांना ती बरी लागू पडते. सस्तन प्राणी मात्र पचवलेल्या अन्नाचा बहुतेक भाग नुसतं जिवंत राहण्यात जाळतात. त्यांच्या बाबतीत नवं मांस म्हणून साठणारी ऊर्जा दोन-तीन टक्क्यांच्या पुढे क्वचितच जाते. म्हणून हरीण-वाघाच्या उदाहरणाला दहा टक्क्यांचा नियम लावला, तर वाघ आहे त्यापेक्षा फारच स्वस्त वाटतो.

तिसरी पायरी: हरीण ते वाघ

मांस पचायला सोपं. त्यातली बहुतेक ऊर्जा अंगी लागते, म्हणून वाघाची आतडी हरणाच्या मानाने आखूड असतात. मग मांसाहारी प्राण्याला जागा कमी लागायला हवी, नाही का? वर्गात हा प्रश्न जरूर विचारा. मुलं इथे हमखास अडकतात.

गोम अशी की वाघ एकेक हरीण खातो, पण कळप संपवून त्याला चालत नाही. त्याला कळपाचं ‘व्याज’ खाऊन जगायचं असतं, मुद्दल शाबूत ठेवून. दरवर्षी जन्मणाऱ्या पाडसांपैकी काही रोगाने मरतात, काही कोळसुंदे आणि बिबटे मारतात, काही मोठी होऊन म्हाताऱ्या जनावरांची जागा घेतात. उरलेल्यात वाघाचा वाटा. कर्नाटकात वाघांचा दीर्घ अभ्यास केलेल्या उल्हास कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मांडणीनुसार एका वाघाला वर्षाला खुरांची साधारण ५० जनावरं लागतात आणि कळपातला सुमारे दहावा भाग वाघांच्या वाट्याला येतो. म्हणजे एका वाघामागे रानात जिवंत हिंडणारी ५०० जनावरं हवीत. बछडे असलेल्या वाघिणीची गरज याहूनही जास्त.

दुसऱ्या एका वाटेने हाच हिशेब तपासता येतो. क्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन यांनी २००२ साली जगभरच्या मांसाहारी प्राण्यांची आकडेवारी एकत्र केली. भक्षक लहान असो वा मोठा, दर १०,००० किलो भक्ष्यामागे सुमारे ९० किलो भक्षक जगतो असं त्यांना आढळलं. म्हणजे एक किलो भक्षकामागे १११ किलो भक्ष्य. वाघाचं वजन १५० किलो धरलं तर त्याच्यामागे १६,७०० किलो जिवंत भक्ष्य हवं. कळपात पाडसंही असतात, म्हणून एका चितळाचं सरासरी वजन ३५ किलो धरू. उत्तर येतं ४७७ चितळं. दोन वेगळ्या वाटांनी निघून आपण जवळजवळ एकाच ठिकाणी पोचलो.

आता गवताचा प्रश्न सोडवता येईल. ३५ किलोचं चितळ वर्षाला सुमारे ४०० किलो कोरडा चारा खातं. पाचशे चितळांचा झाला दोन लाख किलो, म्हणजे ८० कोटी किलोकॅलरी. वाघाच्या पोटात वर्षाला जातं सुमारे १,७५० किलो मांस, त्यातल्या किलोकॅलरी २६ लाख. भागाकार करा. वाघाच्या एका किलोकॅलरीमागे गवताच्या सुमारे तीनशे किलोकॅलरी उभ्या आहेत. आपल्या बाणाची जाडी ही अशी.

एकरांच्या भाषेत

भारतातल्या चांगल्या, भरलेल्या जंगलात एका चौरस किलोमीटरमध्ये खुरांची ५० जनावरं असू शकतात. प्रत्येकी ३५ किलो धरली तर १,७५० किलो झाली. या जंगलात आपल्या ५० किलोच्या चितळाच्या वाट्याला साधारण सात एकर येतात. आणि तेवढ्याच वजनाच्या बिबट्याला? त्याला ५० गुणिले १११, म्हणजे ५,५५० किलो भक्ष्य हवं. त्यासाठी सव्वातीन चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास ७८० एकर. वजन तेच, भूकही तीच, जमीन मात्र एकशे अकरा पट.

वाघाला याच जंगलात १० चौरस किलोमीटर पुरतील. पण जनावरांची दाटी कमी झाली की जमीन त्याच प्रमाणात वाढते. दर चौरस किलोमीटरला २५ जनावरं असतील तर वाघाला २० चौरस किलोमीटर लागतात. पाचच असतील तर १००. हे नुसतं कागदी गणित नाही. भारत-नेपाळमधल्या हरणांनी भरलेल्या जंगलांत एका वाघिणीचा वावर पंधरा-वीस चौरस किलोमीटरमध्ये भागतो. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बर्फाळ जंगलात भक्ष्य विरळ आहे. तिथे एका वाघिणीला चारशेच्या आसपास चौरस किलोमीटर हिंडावं लागतं. प्राणी तोच, पण जमीन वीसपट.

सागरेश्वर: दहा चौरस किलोमीटरांचं ताट

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. उजाड डोंगरांवर माणसांनी झाडं लावून आणि प्राणी आणून हे जंगल उभं केलं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. शाळांच्या सहली तिथे नेहमी जातात आणि मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: “इथे वाघ का नाही?”

उत्तर आता आपल्याकडे आहे. सागरेश्वर चितळांनी अगदी गच्च भरलं, दर चौरस किलोमीटरला ५० या हिशेबाने, तरी ती झाली ५४४. म्हणजे एका वाघाचं ताट. संपूर्ण अभयारण्य मिळून एक वाघ, आणि एकट्या वाघाची पुढची पिढी होत नाही.

हेच सागरेश्वर उलट बाजूनेही शिकवतं. कुंपणाच्या आत, मोठ्या शिकाऱ्याच्या धाकाशिवाय हरणं वाढत गेली आणि आसपासच्या शेतांत शिरू लागली. शेतकऱ्याचं नुकसान होऊ लागलं. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका टोकाला हरणं जास्त आणि जागा कमी, तर दुसऱ्या टोकाला जागा भरपूर आणि हरणं कमी. अलीकडच्या वर्षांत सागरेश्वरातली चितळं पकडून चांदोलीत नेऊन सोडली गेली, त्यामागे हाच विचार आहे. वाघ आणायचा तर आधी त्याचं ताट वाढायला हवं.

कोयना-चांदोली: हिरवं आहे, पण चारा किती?

इथे एक कोडं पडतं. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर गच्च हिरवे. एवढ्या हिरवाईत हरणं विरळ का असावीत?

एक कारण माणसाने केलेल्या शिकारीचं आणि त्रासाचं आहे. दुसरं जंगलाच्या रचनेत दडलेलं आहे. दाट सदाहरित जंगलात पानं असतात ती पंधरा-वीस मीटर उंचीवर. ती शेकरूला आणि वानराला मिळतात. जमिनीवर चरणाऱ्या हरणाला त्यांचा उपयोग नाही. खाली सावली दाट, म्हणून गवत कमी. उघड्या जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात गवत आणि फुलं येतात खरी, पण तिथे मातीचा थर इतका पातळ असतो की पाऊस सरला की काही आठवड्यांत सगळं वाळून जातं. सांबर झाडपाला खाऊन बराच तग धरतं. गवाही गवताबरोबर पाला आणि बांबू खातो. चितळाला मात्र मोकळं, गवताळ रान लागतं.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं आहे आणि ते प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. जनावरं किती पाळायची हे श्रावणातल्या चाऱ्यावर ठरत नाही, वैशाखातल्या चाऱ्यावर ठरतं. आपल्या माळाच्या हिशेबात एका चौरस किलोमीटरवर तीन लाख किलो गवत होतं आणि ५० चितळं खाणार त्यातलं फक्त वीस हजार किलो. बाकीचं का उरतं? वाळवी, नाकतोडे, वणवे यांत बरंच जातं. उरलेलं उन्हाळ्यात निव्वळ काडी होतं. पोटातल्या जिवाणूंना काम करायला चाऱ्यात सहा-सात टक्के तरी प्रथिनं लागतात. वाळल्या काडीत ती त्याहून बरीच कमी असतात. मग पोट भरलेलं असूनही जनावर खंगतं. गोठ्यातल्या गायीला आपण कडब्याबरोबर पेंड देतो ती यासाठीच. रानातल्या चितळाला पेंड कोण देणार?

म्हणूनच चांदोलीतल्या उठून गेलेल्या गावांची जुनी शेतं आणि गावठाणांभोवतीची कुरणं फार मोलाची आहेत. गवे आणि सांबरं चरायला तिथे उतरतात. ही कुरणं तशीच सोडली तर झुडपं वाढून ती मिटून जातात. ती राखावी लागतात. जी माणसं धरणांसाठी आणि अभयारण्यासाठी आपली शेती-घरं सोडून गेली, त्यांनी कसलेल्या जमिनीवर आज वाघाच्या अन्नसाखळीची पहिली पायरी उभी आहे. व्याघ्र प्रकल्पाचा हिशेब मांडताना हे विसरून चालणार नाही. ती गवताची जमीन वाया गेली, तर तो त्यागही वाया जाईल.

उसातला बिबट्या

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या तालुक्यांत बिबट्या उसात राहतो, हे आता बातमीपुरतं उरलेलं नाही. आपल्या हिशेबाने त्याला ७८० एकर हरणांचं रान हवं. ते इथे नाही. मग तो जगतो कशावर?

याचा सविस्तर अभ्यास झाला तो अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या बागायती शेतांत, जंगल जवळपास नसताना, दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. हे काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. विष्ठेच्या तपासणीतून असं दिसलं की बिबट्याच्या आहारातला वजनाने ८७ टक्के भाग पाळीव आणि वस्तीतल्या प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता.

आता साखळी उलटी वाचत जा. बिबट्या कुत्रा खातो. कुत्रा उकिरड्यावरचं शिळं आणि मटणाच्या दुकानाबाहेरचा कचरा खातो. ते शिळं आलं ज्वारीच्या, गव्हाच्या, भाताच्या शेतातून आणि मटण आलं चराऊ माळावरून. म्हणजे बिबट्याची जमीन कमी झालेली नाही. ती आपल्या जमिनीत मिसळली आहे. ऊस त्याला फक्त लपायला जागा देतो, खाऊ घालतो तो आपला कचरा. बिबट्या कमी त्रासदायक व्हावा असं वाटत असेल, तर पिंजऱ्याबरोबरच उकिरडा आणि उघड्यावर बांधलेली शेळी यांचाही विचार करायला हवा.

माणूस नावाचा प्राणी

हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. समजा, एका एकरात आठ क्विंटल ज्वारी झाली. एका किलोत सुमारे ३,४०० किलोकॅलरी धरल्या तर ती २७ लाख किलोकॅलरी झाली. माणसाला वर्षाला आठ लाख लागतात, म्हणजे नुसत्या ऊर्जेच्या हिशेबाने तीन माणसांचं भागून थोडी उरते. तेच धान्य ब्रॉयलर कोंबड्यांना घातलं तर? वजनात एका किलोच्या वाढीसाठी साधारण दोन किलो खाद्य धरू. ४०० किलो कोंबडी होईल, त्यातलं खाण्याजोगं मांस २८० किलो. त्यातून एका माणसाचंही वर्ष भागत नाही.

तरीही इथे नुकसान पाच-सहापट आहे, वाघासारखं तीनशेपट नाही. का? कारण ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापली जाते. तिला चारा शोधायला हिंडावं लागत नाही, शिकाऱ्यापासून पळावं लागत नाही, म्हातारं व्हायला मिळत नाही. रानातल्या हरणाची बहुतेक ऊर्जा या ‘जगण्यातच’ जाते.

यावरून ‘मांस-दूध म्हणजे जमिनीची उधळपट्टी’ असा सरसकट निष्कर्ष मात्र काढू नये. ज्वारीच्या त्याच एकरात कडबाही निघतो. तो आपल्याला पचत नाही, गायीला पचतो. माण, आटपाडी, जत भागात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पडतो. तिथल्या खडकाळ माळावर धान्य पिकवता येणार नाही, पण मेंढ्या चरतात. धनगरांचे कळप माणसाला न पचणाऱ्या गवताचं अन्न करतात. जनावर काय खातं, तेच माणसालाही खाता आलं असतं का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

वर्गात करून पाहा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, गवत पूर्ण वाढलेलं असताना, एक मीटर लांबीच्या चार काठ्या बांधून चौकट करा. ती माळावर कुठेही, न निवडता टाका. चौकटीतलं गवत विळ्याने मुळाशी कापा, आठवडाभर उन्हात वाळवा आणि किराणा दुकानातल्या तराजूवर तोला. अशी निदान पाच ठिकाणी मोजणी करा: उघडा माळ, बांध, झाडाखालची सावली, गुरं चरणारी जागा आणि कुंपण घातलेली जागा. सरासरी काढून एका एकराचं गवत किती होतं ते काढा. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात. मग त्यातला फक्त दहावा भाग हरणांच्या पोटात जाईल असं धरा आणि एका चितळाला वर्षाला ४०० किलो या मापाने पुढे जा. तुमच्या गावच्या माळावर किती चितळं जगतील? आणि एका वाघासाठी तुमच्यासारख्या किती गावांचे माळ एकत्र करावे लागतील?

हीच मोजणी, त्याच जागांवर, मे महिन्यात पुन्हा करा. वजनाबरोबर गवताचा रंगही लिहून ठेवा आणि तो चारा कोणतं जनावर खाईल ते गावातल्या एखाद्या जुन्या गुराख्याला विचारा. दोन्ही महिन्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडले की रानात किती जनावरं जगू शकतात हे यातला कोणता आकडा ठरवतो, ते मुलांना सांगावं लागणार नाही.